श्वेत बटूंच्या जोडीवर काम सुरू करताय? आधी कक्षा उलटी वाचायला शिका

प्रकल्प हातात आला की पहिल्याच संध्याकाळी कॉस्मिक किंवा बीएसई संगणकावर उतरवून घ्यायचा मोह होतो. तो आवरा. हे कोड हजारो जोडताऱ्यांची जन्मापासून शेवटापर्यंतची वाटचाल साध्या लॅपटॉपवरही भराभर काढून देतात, आणि चुकीचं उत्तरसुद्धा तितक्याच झटपट, सुबक तक्त्यात देतात. पहिले दोन आठवडे कागद, पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर एवढंच वापरा. एकच जोडी घ्या आणि तिचा इतिहास शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत जा. हे ज्याने केलं नाही त्याला कोडमधला आल्फा (कक्षेतून सुटलेल्या ऊर्जेतला, आवरण फेकायला कामी आलेला अंश) म्हणजे नेमकं काय, हे दोन वर्षांनीही धड सांगता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

श्वेत बटू (ताऱ्याचं आवरण गेल्यावर उरलेला गाभा), रोश लोब (जोडीतल्या ताऱ्याची हद्द, जिच्याबाहेर त्याचं वस्तुमान सांडतं), तांबडा राक्षसी तारा (म्हातारपणी फुगलेला), चंद्रशेखर मर्यादा (श्वेत बटूचं कमाल वस्तुमान) हे सगळं येतं असं धरून पुढे जाऊ. फक्त एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. गाया या अवकाश दुर्बिणीच्या मोजमापांतून २०२१मध्ये रुंद जोडताऱ्यांची जी मोठी यादी निघाली, तीत दोन्ही श्वेत बटू असलेल्या सुमारे १,४०० जोड्या आहेत. त्या जोड्यांतले तारे एकमेकांपासून इतके लांब आहेत की जन्मभर त्यांचा एकमेकांशी काही व्यवहार झालाच नाही. त्यांचा उपयोग वेगळा, अभ्यास वेगळा. इथे विषय आहे तो काही मिनिटांपासून काही दिवसांपर्यंत कक्षाकाळ असलेल्या जोड्यांचा. अशी पहिली जोडी १९८८मध्ये सापडली, एल ८७०-२, कक्षाकाळ १.५६ दिवस.

या जोड्या मुळात विचित्र का आहेत ते आकड्यांत बघा. एका दिवसाच्या कक्षेत दोन बटूंमधलं अंतर चारेक सौर त्रिज्या भरतं. पण यातला प्रत्येक बटू कधी ना कधी राक्षसी ताऱ्याच्या पोटातला गाभा होता, आणि त्या राक्षसाची त्रिज्या होती वीस, पन्नास, कधी शंभराच्या वर. म्हणजे आज जिथे दोघे फिरतात तिथे तेव्हा जागाच नव्हती. कक्षा नंतर आकसली, आणि आवरण एकदा नव्हे, दोनदा उतरलं. दोन्ही वेळा ते कसं उतरलं, हाच या क्षेत्रातला खरा प्रश्न. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

आता किल्ली. साधारण दोन सौर वस्तुमानांपेक्षा हलका तारा राक्षसी शाखेवर चढतो तेव्हा त्याची त्रिज्या जवळजवळ फक्त हेलियम गाभ्याच्या वस्तुमानावर ठरते. वरचं आवरण जाड आहे की पातळ, याने फारसं बिघडत नाही. गाभा ०.२ सौर वस्तुमानाचा असेल तर त्रिज्या सुमारे ३ सौर त्रिज्या, ०.३ला १६, ०.४ला ५५, ०.४५ला ८८. वाढ साधारण साडेचाराव्या घाताने होते. आवरण उतरलं की गाभ्याची वाढ तिथेच थांबते. म्हणून हेलियम बटूचं वस्तुमान म्हणजे, ज्या क्षणी त्याचं आवरण रोश लोबबाहेर सांडू लागलं त्या क्षणीच्या कक्षेचा शिक्का. बटूचं वजन वाचा, तेव्हाची कक्षा कळते. बाकी कितीही पेपर वाचा, हे एक वाक्य डोक्यात नसेल तर त्यांचा उपयोग नाही.

(हलक्या बटूला जोडीदार असणारच, हे अनुमानही यातूनच येतं. ०.४५पेक्षा हलका हेलियम बटू एकट्या ताऱ्यातून तयार व्हायला विश्वाचं वय अपुरं पडतं. १९९५मध्ये मार्श, ढिल्लन आणि डक यांनी नेमके असेच हलके बटू निवडून तपासले आणि पाच नव्या जोड्या हाती आल्या.)

उदाहरणाला डब्ल्यूडी ०९५७-६६६ घ्या. कक्षाकाळ १.४६ तास. जास्त तेजस्वी, म्हणजे नंतर जन्मलेला बटू सुमारे ०.३७ सौर वस्तुमानाचा, आधीचा सुमारे ०.३२चा. केप्लरच्या नियमाने आजचं अंतर ०.५८ सौर त्रिज्या निघतं.

एक पाऊल मागे जाऊ. धाकटा बटू जन्मण्याआधी ०.३७चा गाभा पोटात असलेला राक्षसी तारा होता, त्रिज्या सुमारे ४०. त्याचं एकूण वस्तुमान माहीत नाही, १.२ धरू. शेजारी आधीच तयार झालेला ०.३२चा बटू. वस्तुमानांचं गुणोत्तर ३.७५, एगलटनच्या सूत्राने रोश लोब अंतराच्या ०.४९६ पट, म्हणून कक्षेचं अंतर ८० सौर त्रिज्या आणि कक्षाकाळ सुमारे ६७ दिवस. राक्षस तिपटीहून अधिक जड, त्याचं आवरण खोलवर घुसळणारं. ते सांडू लागलं की आवरतच नाही. बटू त्या आवरणात बुडतो, दोघे सामाईक आवरणात गोल गोल फिरत आत उतरतात, कक्षेतून सुटलेली ऊर्जा आवरण उचलून बाहेर फेकते.

हिशेब असा. आवरणाची बंधनऊर्जा म्हणजे ताऱ्याचं वस्तुमान गुणिले आवरणाचं वस्तुमान, भागिले लॅम्डा (आवरणाच्या घडणीवर ठरणारा गुणक) गुणिले त्रिज्या, सगळं सौर एककांत: १.२ × ०.८३ ÷ ४०, म्हणजे ०.०२५ भागिले लॅम्डा. कक्षेने दिलेली ऊर्जा: शेवटी ०.३७ × ०.३२ ÷ (२ × ०.५८), त्यातून सुरुवातीची १.२ × ०.३२ ÷ (२ × ८०) वजा, राहते ०.१००. आल्फा गुणिले लॅम्डा आलं ०.२५. लॅम्डा १ धरला तर आल्फा पाव, ०.५ धरला तर अर्धा. म्हणजे सुटलेल्या ऊर्जेतला पाव ते निम्मा भाग कामी आला, बाकीची वाया गेली. उत्तर शहाण्यासारखं आहे. हेलियम बटूंच्या जोड्यांवर मेसा हा ताऱ्यांच्या अंतरंगाचा कोड वापरून केलेल्या २०२३च्या कामातही आल्फा एक-तृतीयांशाच्या आसपासच येतो. इथपर्यंत सगळं छान चालतं, आणि म्हणूनच पुढच्या पायरीला माणूस बेसावध असतो.

आणखी एक पाऊल मागे. थोरला बटू ०.३२चा, म्हणजे त्याच्या राक्षसाची त्रिज्या होती २१.६. जोडीदार तेव्हा १.२चा साधा तारा. राक्षस त्याच्याआधी म्हातारा झाला म्हणजे जन्मतः जास्त जड; १.४ धरू. रोश लोब अंतराच्या ०.३९ पट, अंतर ५५ सौर त्रिज्या. आणि नंतरचं अंतर? ते आत्ताच काढलं: ८०.

म्हणजे आवरण गेलं आणि कक्षा आकसायच्या ऐवजी फुगली. आता इथे तेच ऊर्जेचं सूत्र लावून बघा. शेवटची कक्षीय ऊर्जा ०.३२ × १.२ ÷ (२ × ८०) = ०.००२४. सुरुवातीची १.४ × १.२ ÷ (२ × ५५) = ०.०१५. वजाबाकी ऋण. आल्फा गुणिले लॅम्डा येतं उणे ५.४.

ऋण कार्यक्षमता म्हणजे काय? काहीही नाही. कक्षेने आवरणाला ऊर्जा दिली असती तर कक्षा आकसली असती. ती आकसलीच नाही. बहुतेक नवखे इथे चूक शोधायला लागतात: चिन्ह चुकलं का, एकक चुकलं का, सुरुवातीचं वस्तुमान १.४ऐवजी १.८ घेऊ का. घेऊन बघा, कुठलाही आकडा घाला. गाभा हा ताऱ्यापेक्षा हलकाच असणार, आणि नंतरचं अंतर आधीच्यापेक्षा मोठं आहे. या दोन गोष्टी असल्या की उत्तर ऋणच. गणितात चूक नाही.

हे इतकं महत्त्वाचं आहे की दुसऱ्या बाजूनेही सांगतो. समजा पहिल्या वेळीही सामाईक आवरणच झालं. कक्षेने निदान एक कण तरी ऊर्जा द्यायची असेल तर अंतर ५५वरून ५५ × ०.३२ ÷ १.४, म्हणजे १२.६ सौर त्रिज्यांच्या खाली यायला हवं. (अंतर जरासं कमी होणं पुरत नाही, हे नीट लक्षात घ्या; वस्तुमान गेल्यामुळेच कक्षेची बंधनऊर्जा उतरते, आणि आधी ती तूट भरून काढावी लागते.) आता १२.६च्या कक्षेत दुसरा तारा म्हातारा झाला. त्याचा रोश लोब ६.२ सौर त्रिज्यांचा. तेवढी त्रिज्या गाठताना गाभा असतो जेमतेम ०.२४चा. आवरण तिथेच सांडणार, गाभ्याची वाढ तिथेच थांबणार. म्हणजे धाकटा बटू ०.२४पेक्षा हलका निघायला हवा होता. प्रत्यक्षात तो ०.३७चा आहे, थोरल्यापेक्षाही जड. धाकट्याला एवढं वाढायला जागा मिळाली, याचाच अर्थ पहिल्या आवरणानंतर कक्षा रुंद राहिली. शिक्का पुसता येत नाही.

नेलेमान्स आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये तीन हेलियम जोड्यांवर हाच उलटा हिशेब करून हा पेच मांडला. त्यांनी ऊर्जेऐवजी कोनीय संवेगाचा ताळेबंद मांडला: संवेगाचा जो अंश गेला तो वस्तुमानाचा जो अंश गेला त्याच्या गॅमा पट. आपल्या उदाहरणात पहिल्या वेळी संवेगाचा ६४ टक्के भाग गेला आणि वस्तुमानाचा ४१.५ टक्के, गॅमा १.५४. दुसऱ्या वेळी गॅमा १.७६. नेलेमान्स आणि टाउट यांना २००५मध्ये मिळालेला पल्ला १.५ ते १.७५च्या आसपासचा.

दोन्ही वेळा जवळजवळ एकच आकडा! नवखा माणूस इथे भारावून जातो. जाऊ नका. गॅमा जवळपास सारखा येतो कारण सूत्राची घडणच तशी आहे: अगदी वेगवेगळ्या शेवटांनाही गॅमा थोडाच बदलतो. उलट बाजूने चालवून बघा. आपल्या दुसऱ्या टप्प्यात गॅमा १.७६ऐवजी १.५ घातला की शेवटचं अंतर ०.५८ऐवजी १२.५ सौर त्रिज्या येतं, कक्षाकाळ दीड तासाऐवजी सहा दिवस. पहिली जोडी वीस कोटी वर्षांत एकमेकांवर आदळेल, दुसरी विश्वाच्या वयाच्या हजारो पट काळातही नाही. गॅमातल्या एवढ्याशा फरकावर एवढं सगळं लटकलेलं असेल तर तो आकडा भाकितासाठी कुचकामी. गॅमा ही जमाखर्चाची वही आहे, पैसा कुठून आला हे ती सांगत नाही.

मग पहिल्या वेळी खरोखर झालं काय? सध्याचं सर्वांत पटणारं उत्तर: सामाईक आवरण झालंच नाही. दोन तारे जवळपास सारख्या वजनाचे असतील तर वस्तुमान शिस्तीत, संथपणे वाहू शकतं, आणि त्यातलं बरंचसं जोडीबाहेर निघून जातं. २०१२च्या सुमारास वुड्स आणि सहकाऱ्यांनी हे मांडलं. सगळं वस्तुमान जोडीदारानेच राखलं असतं तर कक्षा ५.३ पट रुंदावली असती, आणि मग दुसरा बटू ०.३७चा हेलियमचा राहिलाच नसता. आपल्याला हवं आहे फक्त दीडपटीच्या आत. म्हणजे बरंच वस्तुमान वाया गेलं, पण कक्षा कोसळली नाही. कुठल्या गुणोत्तरापर्यंत प्रवाह शिस्तीत राहतो, हा जुना वाद आहे. जुन्या, सोप्या पॉलिट्रोप प्रतिमानांतून (दाब आणि घनता यांत एकच साधं नातं धरणाऱ्या) येणारी मर्यादा बरीच कडक होती. अलीकडच्या सविस्तर ताऱ्यांवरच्या गणनांत ती सैल झाली आहे. तुमच्या कोडमध्ये कुठली मर्यादा आहे ते ‘क्यूसीफ्लॅग’ किंवा तत्सम खिडकीत दिसेल. आधी ती बघा. अख्ख्या लोकसंख्येचा, म्हणजे कोडने काढलेल्या सगळ्या जोड्यांच्या गर्दीचा, चेहरा या एका निवडीने बदलतो, आल्फाने त्यामानाने कमी.

एवढं सांगूनही लोक काय करतात? आल्फा ४ ठेवतात, कारण मग जोड्या ‘टिकतात’ आणि आलेख निरीक्षणांशी जुळतो. आल्फा एकच्या वर असेल तर जास्तीची ऊर्जा कक्षेबाहेरून आली. कुठून, ते लिहा. आवरणातल्या आयनांच्या पुनर्संयोगातून म्हणत असाल तर लॅम्डा काढताना तीच ऊर्जा आधीच धरलेली नाही ना, हे तपासा. दोन्हीकडे धरली की एकाच पगारातून दोनदा खर्च. ‘आधी डिफॉल्ट ठेव, निकाल येऊ दे, मग बघू’ असं म्हणणारे मार्गदर्शक भेटतात. माणसं वाईट नसतात, घाईत असतात. पण ‘मग’ कधी येत नाही, आणि शोधनिबंधाच्या परीक्षकासमोर तुम्ही उभे असता, ते नव्हे.

आल्फाबद्दल उरलेलं भराभर. दोन पेपरांतला आल्फा एकच असेल असं धरू नका. १९८४मध्ये वेबिंक यांचं सूत्र आणि इबेन-तुतुकोव यांचं सूत्र, दोन्ही आली आणि त्यांत बंधनऊर्जा वेगवेगळ्या पद्धतीने लिहिली आहे. बीएसईच्या मूळ रूपात सुरुवातीची कक्षीय ऊर्जा गाभ्याच्या वस्तुमानाने काढतात, संपूर्ण ताऱ्याच्या नव्हे. कॉस्मिकमध्ये ‘सीईफ्लॅग’ शून्य की एक यावर ते ठरतं. आपल्या दुसऱ्या टप्प्यात त्याने दोन टक्क्यांचाही फरक पडत नाही, पण कक्षा थोडीशीच आकसलेली असेल तिथे उत्तर पार बदलतं. लॅम्डा ०.५ हा ‘मान्य आकडा’ नाही, सवय आहे. तो ताऱ्याचं वस्तुमान, तो कितपत फुगला आहे, आणि गाभा कुठे संपतो असं तुम्ही धरता, या तिन्हींवर बदलतो.

आणि उलट्या हिशेबाच्या मर्यादाही ओळखा, नाहीतर पेन्सिलीचाच गर्व होईल. राक्षसाचं वस्तुमान १.२ऐवजी १.० धरलं तर आल्फा गुणिले लॅम्डा ०.१६, १.५ धरलं तर ०.४३. बटूच्या ०.३७ या वस्तुमानात ०.०२ची चूक असेल तर राक्षसाची त्रिज्या ३१ ते ४९ यांत कुठेही. साडेचारावा घात दोन्ही बाजूंनी कापतो. म्हणून एका शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. एका जोडीवरून आल्फा जाहीर करू नका. पण पहिल्या टप्प्याचं ऋण चिन्ह या सगळ्या चुका पोटात घालूनही टिकतं, आणि हेच त्याचं बळ.

एक अट राहिली, वयाची. १.४ आणि १.२चे तारे घेतले तर दोघांच्या म्हातारपणात दोन अब्ज वर्षांहून जास्त अंतर पडतं, आणि तेवढा काळ थोरला बटू एकटा थंड होत बसलेला असायला हवा. निरीक्षणातला फरक काही शे दशलक्ष वर्षांचाच असेल तर मूळ तारे एकमेकांच्या खूप जवळच्या वजनाचे असले पाहिजेत. (वरचे १.४ आणि १.२ मी हिशेब दाखवायला घेतले आहेत, त्या जोडीची जन्मपत्रिका म्हणून नव्हे.) इथे दुसरा खड्डा आहे. शीतकरणाचे तक्ते कार्बन-ऑक्सिजन गाभ्याचे वापरले आणि बटू हेलियमचा निघाला तर वय साफ चुकतं. हलक्या हेलियम बटूवर हायड्रोजनचा थर जाड असतो आणि त्याच्या तळाशी मंद ज्वलन बराच काळ चालू राहतं, त्यामुळे तो रेंगाळत थंड होतो. साधारण ०.१८च्या वरच्या बटूंत मध्येच हायड्रोजनचे भडके उडून थर पातळ होतो, त्याखालच्यांत उडत नाहीत. म्हणून अधिक हलका बटू जास्त काळ उबदार राहतो असा उलटा प्रकारही दिसतो. ०.४५च्या खाली हेलियमचे तक्ते, एवढा नियम भिंतीवर लिहा.

निरीक्षणाच्या बाजूने येणाऱ्यांसाठी. बटूंच्या गर्दीत जोडी ओळखायची सोपी खूण म्हणजे जादा तेज: दोन सारखे बटू एका ठिपक्यात असतील तर तो ठिपका दुप्पट, म्हणजे ०.७५ प्रतीने उजळ. पण एकटा हलका बटूही मोठा, म्हणून उजळ असतो. गायाच्या आलेखावर दोघे एकाच जागी बसतात. फैसला वर्णपटच करतो. हायड्रोजन-आल्फा रेषेचा मधला टोकदार भाग हाच वेग मोजायला उपयोगी, कारण बाकीची रेषा दाबामुळे पसरट असते. दोन्ही बटूंची टोकं वेगळी दिसायला विभेदन (जवळजवळच्या तरंगलांबी वेगळ्या दाखवण्याची क्षमता) चांगलं लागतं. सुमारे हजार बटू तपासणाऱ्या एसपीवाय सर्वेक्षणाने व्हीएलटी या मोठ्या दुर्बिणीवर यूव्हीईएस हा उच्च विभेदनाचा वर्णपटमापक वापरला ते उगाच नव्हे. हानलेची २ मीटर हिमालयन चंद्र दुर्बीण आणि तिच्यावरचा कमी विभेदनाचा वर्णपटमापक घेऊन असं दुहेरी टोक उलगडायचा प्रस्ताव लिहू नका. नाकारला जाईल, आणि योग्य कारणाने. एकेरी रेषेचा, मोठ्या वेगाचा उमेदवार पकडायला मात्र तसं साधन पुरतं.

उघडीप (एका वर्णपटासाठी प्रकाश गोळा करायचा वेळ) किती सेकंदांची, हा प्रश्न कक्षाकाळ बघून सोडवा. डब्ल्यूडी ०९५७-६६६ची फेरी ८८ मिनिटांची आणि सापेक्ष वेग सेकंदाला पाचशे किलोमीटरच्या घरात. वीस मिनिटांची उघडीप म्हणजे जवळजवळ पाव फेरी एकाच वर्णपटात फासली गेली, आणि मिळालेला वेग खऱ्यापेक्षा कमी. फेरीच्या विसाव्या भागापेक्षा लांब उघडीप नको, इथे चार मिनिटं. प्रत्येक वेळ सौरमालेच्या गुरुत्वमध्याला लावून घ्या. रोज रात्री त्याच वेळी, त्याच वेधशाळेतून मोजत राहिलात तर दिवसाला एक फेरी जास्त की कमी हे कळत नाही: १.५६ दिवसांची जोडी ०.६१ दिवसांची किंवा २.८ दिवसांचीही वाटू शकते. उपाय साधा. एका रात्रीत सलग काही तास मोजा, मग दुसऱ्या रात्री वेगळ्या प्रहरी. आणि दोन्ही बटूंचे सरासरी वेग जरा वेगळे आले तर घाबरू नका, ती चूक नाही. जड बटूच्या पृष्ठभागावरून निघणाऱ्या प्रकाशाचं गुरुत्वीय ताम्रसरण (गुरुत्वामुळे लाल रंगाकडे सरकणं) जास्त असतं, ०.६च्या बटूला ते सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर. हा फरकच वस्तुमानांची दुसरी, स्वतंत्र तपासणी आहे. फुकट मिळालेली माहिती फेकू नका.

पुढे काय होतं, हे मात्र दिलासा देणारं प्रकरण, कारण इथलं भौतिकशास्त्र स्वच्छ आहे. आवरणं गेली की गुरुत्वीय लहरी कक्षा खातात. वर्तुळाकार कक्षेसाठी उरलेला काळ वर्षांत: एक कोटी, गुणिले एकूण वस्तुमानाचं घनमूळ, भागिले दोन वस्तुमानांचा गुणाकार, गुणिले तासांतल्या कक्षाकाळाचा आठ-तृतीयांश घात. ०.६ आणि ०.६ची जोडी विश्वाच्या आजच्या वयाएवढ्या काळात मिळायची असेल तर कक्षाकाळ सुमारे १० तासांच्या आत हवा, ०.३ आणि ०.३ला साडेसहा. २०२५मध्ये अवघ्या ४९ पार्सेकवर सापडलेली १.५५५ सौर वस्तुमानांची जोडी चंद्रशेखर मर्यादेच्या वर आहे, पण कक्षाकाळ १४.२४ तास, तिला आदळायला २२ अब्जांहून जास्त वर्षं आहेत. बातम्यांतला ‘स्फोट’ वाचून धावू नका, आधी सूत्रात आकडे घाला. दुसऱ्या टोकाला २०१९मध्ये झेडटीएफ या आकाश-सर्वेक्षणातून सापडलेली जे १५३९+५०२७: ६.९१ मिनिटांची फेरी, ०.६१ आणि ०.२१, उरला काळ जेमतेम दोन लाख वर्षं. १२.७५ मिनिटांच्या जे ०६५१+२८४४ या जोडीत तर २०११ ते २०१२ या वर्षभरातच ग्रहणं सहाएक सेकंद लवकर येऊ लागली होती.

आदळल्यावर काय उरेल ते कशाला काय भिडलं त्यावर. हेलियमला हेलियम: बहुधा तप्त उपबटू. कार्बन-ऑक्सिजनला हेलियम: उत्तर मुकुटातल्या आर ताऱ्यासारखे कार्बनने माखलेले तारे. दोन कार्बन-ऑक्सिजन: जड बटू किंवा प्रकार १-अचा स्फोट. गुणोत्तर फार विषम असेल तर आदळण्याऐवजी वस्तुमान शांतपणे वाहून एएम सीव्हीएन प्रकारची (एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे हेलियम वाहत राहणारी) जोडी. स्फोट नेमके कुठल्या जोड्यांचे होतात यावर तुमचं करिअर जाऊ शकतं, पण सुरुवात तिथून करू नका. ती गर्दीची गल्ली आहे आणि तिथले सगळे आकडे शेवटी त्याच पहिल्या आवरणापाशी येऊन अडतात.

मुलाखतीत हमखास येणारा एक गोंधळ. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होते आहे म्हणून ‘इथून आपल्याला या जोड्या ऐकू येतील’ असं बोलून बसू नका. लायगोचं ऐकणं साधारण १० हर्ट्झच्या वर सुरू होतं. जोडीची गुरुत्वीय लहर कक्षेच्या दुप्पट वारंवारतेची (हा दोनचा गुणक विसरणारेही खूप), म्हणजे ६.९१ मिनिटांच्या जोडीलाही ती फक्त ४.८ मिलिहर्ट्झ. हे काम लिसा या अवकाशातल्या गुरुत्वीय-लहरी वेधशाळेचं: २५ लाख किलोमीटर भुजांची तीन यानं, युरोपीय अंतराळ संस्थेने जानेवारी २०२४मध्ये मंजुरी दिली, उड्डाण २०३५च्या सुमारास. आपल्या आकाशगंगेतल्या जोड्या तिथे इतक्या असतील की कमी वारंवारतेला त्यांचाच गोंगाट होईल. आज पीएचडीला लागणाऱ्याला हे वेळापत्रक सोयीचंच आहे.

सुरुवातीला पैसा किंवा मोठी संस्था लागत नाही, हे मनापासून सांगतो. गाया, एसडीएसएस, झेडटीएफ सगळ्यांची माहिती खुली आहे. ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीची जुनी निरीक्षणंही मागता येतात, आणि त्याच दुर्बिणीने तारकागुच्छांतल्या निळ्या उनाड (सोबतच्यांपेक्षा तरुण दिसणाऱ्या) ताऱ्यांशेजारी हलके बटू दाखवले आहेत. तेही वस्तुमान वाहून गेल्याचेच अवशेष. लातूरच्या कॉलेजात बसूनही पहिला उलटा हिशेब होतो. पुण्यात आयुका, मुंबईत टीआयएफआर आहेत. तिथे कुणाला मेल लिहाल तर ‘मला आवड आहे’ असं एक पान लिहिण्यापेक्षा एका जोडीचा हिशेब जोडा, ऋण आल्फासकट. उत्तर यायची शक्यता वाढते.

मग कोड घ्या. पहिल्या चाचणीत लोकसंख्या नको, एकच जोडी: १.४ आणि १.२, अंतर ५५. आल्फा १, लॅम्डा ०.५. पहिल्या आवरणानंतरचं अंतर छापून घ्या. कोडने तिथे सामाईक आवरण लावलं असेल तर ते १२.६च्या बरंच खाली येईल, किंवा दोघे तारे एकमेकांत मिसळून जातील. मग स्थिरतेची मर्यादा बदला आणि तीच जोडी पुन्हा चालवा. दोन्ही निकाल शेजारी शेजारी वहीत चिकटवा, वर तारीख आणि कोडची आवृत्ती लिहून.